लोणच्याच्या बरणीतला समुद्र

आमच्या घरी समुद्र आला तो लोणच्याच्या चार बरण्यांतून. माझा भाऊ मुंबईहून तो घेऊन आला. ग्वाल्हेर स्टेशनाजवळच्या पडावाच्या चुंगी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, त्याचा टांगा अडवून विचारलं गेलं, की बरण्यांत काय आहे. भाऊ खरं बोलणारा. म्हणाला, समुद्र आहे. चुंगीवाल्याने एका बरणीचा दादरा सोडला, बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पावतीवर ‘अचार, बिगड़ा हुआ’ असं लिहून टांगा सोडून दिला. ती पावती आमच्याकडे बरीच वर्षं होती.

ग्वाल्हेरात समुद्र कशाला हवा होता, हे कळायचं तर आधी माझी ट्रंक ठाऊक हवी. मी मूळची वाईची. लग्नात वडिलांनी मला एक काळी लोखंडी ट्रंक दिली, एवढी मोठी की ती उचलायला दोन हमाल लागत आणि ते दोघेही माझ्या वडिलांचा उद्धार करत. ह्यांची नोकरी सरकारी शाळेत विज्ञान शिकवण्याची. पहिल्या पाच वर्षांत ती ट्रंक भिंड, शिवपुरी, गुना, परत भिंड अशी हिंडली, आणि दर वेळी ती मीच भरली. शेवटी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या पेठेत, बदली झाली. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे अंगणात विहीर. मी ठरवलं, आता बस्स. ट्रंक पूर्ण रिकामी केली, तळाच्या डांबराच्या गोळ्यासुद्धा फेकून दिल्या. माझ्या लेखी तो कायमचा मुक्काम होता.

माझ्या लेखी होता, सरकारच्या लेखी नव्हता. आधी रियासत मध्यभारतात विलीन झाली होती, ते कसंबसं अंगवळणी पडलं, तोच मध्यभारतही मध्यप्रदेशात विलीन व्हायला निघाला. राजधानी भोपाळला जाणार, कचेऱ्या उठणार, कागदांचे बस्ते बांधले जाणार. विलीन म्हणजे काय, हे ह्यांनी मला एकदा जेवताना पेल्यात मीठ टाकून समजावून दिलं. ढवळून म्हणाले, बघ, मीठ आता दिसत नाही, पण आहे. मी विचारलं, मग आपलं काय होणार? ह्यांनी पेल्याच्या तळाशी उरलेले चार खडे दाखवले आणि म्हणाले, हे अतिरिक्त.

अतिरिक्त हा त्या दिवसांतला सगळ्यात वाईट शब्द होता. सगळ्या जुन्या राज्यांचे मास्तर एका यादीत घालायचे होते, आणि जे उरतील ते छत्तीसगडच्या टोकाला जाणार होते. हे यादीत बरेच खाली होते. एकच वाट होती. ग्वाल्हेरात निसर्गशिक्षणाची एक नवी जागा निघणार होती आणि ती कोणाला द्यायची ते जबलपूरकडचे एक इन्स्पेक्टरसाहेब येऊन, प्रत्येकाचं काम बघून, ठरवणार होते. बाकीचे मास्तर तक्ते रंगवायला बसले. एकाने पेंढा भरलेला मोर मिळवला. हे म्हणाले, मी समुद्र दाखवीन. ग्वाल्हेरच्या किती पोरांनी समुद्र पाहिलाय?

मला वाटलं, हे थट्टा करताहेत. पण ह्यांनी आयुष्यात तीनदाच थट्टा केली, आणि ती वेळ त्यांपैकी नव्हती.

काचेची टाकी ह्यांनी स्वतः बनवली. कचेऱ्यांतून तेव्हा जुन्या मोठाल्या तसबिरी उतरवत होते, त्यांच्या काचा भंगारात निघाल्या होत्या. लोखंडी कोनांची चौकट, त्यात तसबिरींच्या काचा, सांध्यांत तेलात मळलेली लांबी. शाळेची प्रयोगशाळा भोपाळला जाणाऱ्या बस्त्यांनी छतापर्यंत भरली होती, म्हणून टाकी घरीच ठेवायची ठरली. आणि एवढं वजन पेलणारी घरात एकच वस्तू होती, ती म्हणजे माझी ट्रंक. तिच्यावर टाकी ठेवली, तळाशी वाळू घातली, बरण्या ओतल्या. भावाने डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळून बारा गोगलगायी आणल्या होत्या, मुंबईच्या खडकांवरच्या, सुपारीएवढ्या. त्या पाण्यात सोडल्या. तासाभरात त्या काचेवर चढून फिरायला लागल्या.

मला प्राण्यांचं फारसं प्रेम नाही. पण ट्रंकेवर समुद्र बसला होता, आणि समुद्र हलवल्याशिवाय ट्रंक उघडणार नव्हती. ते दृश्य मला फार आवडलं.

आमच्या भिंतीपलीकडे एक काकू राहायच्या. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी दख्खनेतून आलेलं, यजमान जुन्या दरबारात कारकून होते. काकूंचं मराठी मला पहिली दोन वर्षं कळलंच नाही. त्या समुद्र बघायला आल्या, टाकीसमोर हात जोडले, पाण्यात बोट बुडवून डोळ्यांना लावलं आणि कनवटीचा एक पैसा काढून पाण्यात टाकला. ग्वाल्हेर रियासतीचा जुना, जाडजूड, तांब्याचा पैसा. काकूंकडे त्यांची एक थैलीच होती. बाजारात त्या पैशांना आता कोणी विचारत नसे.

मी म्हटलं, काकू, हे तर चालतसुद्धा नाहीत.

“नाही चालत तर काय झालं?” काकू म्हणाल्या. “बनिया नाही घेत, पण देव तर घेऊन घेतो ना. समंदर स्वतः चालून आला आहे तुझ्या घरी. रोज न्हाऊन-धुऊन एक टाकून दे. बदली रुकते का नाही, बघून घे.”

वाईला कृष्णेत मीही लहानपणी पैसे टाकले होते. वाहत्या पाण्यात तांबं टाकावं, पाणी शुद्ध होतं, असं आई सांगायची. आमचं पाणी वाहत नव्हतं, पण मूळचं समुद्राचं होतं. काकूंनी थैलीच माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून हे शाळेत गेले की मी रोज एक पैसा कपाळाला लावून टाकीत सोडायची आणि चमच्याने वाळूखाली ढकलायची. ह्यांना दिसला असता तर मला वरुणदेवावर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

शहाण्या वाचकाला इथेच सगळं कळलं असेल. मला कळायला दहा जीव जावे लागले.

पहिली गोगलगाय पाचव्या दिवशी गेली. काचेवरून सुटून वाळूवर उताणी पडली आणि पाय आत घेऊन बसली, पुन्हा बाहेर काढलाच नाही. ह्यांनी एक वही घातली. तारीख, कोण गेलं, पाणी कसं होतं, आणि शेवटच्या रकान्यात ‘कारण’. हे कारणाचे फार भोक्ते. भाजी करपली तरी ह्यांना ती कोणी करपवली यापेक्षा का करपली यात रस. कारण नसलेली गोष्ट जगात नाही, हे वाक्य मी लग्नाच्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

पहिला संशय लांबीवर गेला. तिच्यात तेल असतं, ते पाण्यात उतरलं असेल. म्हणून गोगलगायी पातेल्यात काढल्या, टाकी रिकामी केली, सांधे खरवडले, राळ आणि मेण लावलं, तीच वाळू आणि तेच पाणी परत घातलं. वाळू मी स्वतःच उपसली आणि पैशांसकट परत भरली. ह्यांना वाटलं, बायको मदत करतेय. दुसऱ्याच दिवशी आणखी दोन गेल्या.

मग माझ्यावर बालंट आलं, तेही शब्दावरून. टाकीतलं पाणी उडून कमी व्हायचं. हे शाळेत जाताना मला सांगून गेले होते, की पाणी कमी झालं तर मीठं पाणी घालत जा. मी वाईची. आमच्याकडे मीठ म्हणजे मीठ. आणि समुद्राला मिठाचं पाणी लागणार हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी रोज पेलाभर पाण्यात मूठभर खडे विरघळवून ओतत होते. पण ह्यांचा जन्म ग्वाल्हेरचा. इथे मीठं पाणी म्हणजे गोडं पाणी, मीठी विहीर म्हणजे गोड्या पाण्याची विहीर, आणि हे घरातसुद्धा तसंच बोलायचे. इतकी वर्षं मी ते ऐकत होते आणि मला कधी अडचण आली नव्हती, कारण तोवर घरात समुद्र नव्हता.

हे शाळेतून दूध तपासायची काचेची नळी घेऊन आले. ती पाण्यात सोडली की किती जड पाणी आहे ते कळतं. नळी पार वर तरंगायला लागली. ह्यांनी मला विचारलं, काय घालतेस? मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा मी ह्यांचा आवाज चढलेला ऐकला.

“समुद्रात मीठ कोणी घालतं का?”

मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत. ते म्हणाले, मी मीठं म्हणालो. मी म्हटलं, मग मी काय साखर घातली? त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. जेवायला वाढलंय हे मी भिंतीपलीकडे काकूंना ओरडून सांगायची, आणि मीठ कमी आहे हे ते वहीला सांगायचे.

ह्यांनी विहिरीचं पाणी घालून समुद्र पुन्हा पातळ केला. नळी पंचवीसवर आली, आणि ते बरोबर असतं म्हणाले. त्या नळीमुळे एक भलतीच गोष्ट झाली. सकाळी दूध घालायला येणाऱ्या गवळ्याने ती ओसरीवर ठेवलेली पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तोंडचं पळालं ते पळालं, दुधातलंही पळालं. आठ वर्षांत मी असं दूध बघितलं नव्हतं. ह्यांनी कुतूहलाने जुनं उरलेलं दूध तपासलं तर तेही पंचवीसच भरलं. म्हणजे आमचा गवळी आणि अरबी समुद्र यांच्यात वजनाचा काही फरक नव्हता.

पाणी बरोबर झालं आणि त्याच आठवड्यात आणखी तीन गोगलगायी मेल्या. ह्यांनी वहीत लिहिलं, ‘मीठ निर्दोष’, आणि वही उघडी, मला दिसेल अशी, पोळपाटावर ठेवून गेले. ह्यांची माफी मागायची रीत तेवढीच. मी त्या दिवशी शिरा केला.

मेलेल्यांची संख्या सहावर गेली तेव्हा मी घाबरले. मला गोगलगायींचं दुःख नव्हतं, मला ट्रंक दिसत होती. मी भिंतीशी जाऊन काकूंना सांगितलं, सहा गोगलगायी मेल्या, आता कसं व्हायचं? काकू म्हणाल्या, देव नाराज आहे, एकाचे दोन कर. मी एकाचे दोन केले. नेमका तेव्हा गवळी दारात उभा होता. त्याला माझ्या बोलण्यातला आकड्याखेरीज एकच शब्द कळला आणि तो म्हणजे गाय.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या गल्लीने गोठ्यांना कडुनिंब बांधला. मास्टरजी के यहाँ सहा गायी मेल्या, कोणती तरी साथ आहे, असं सराफा बाजारापर्यंत पोचलं. तिसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातले एक गृहस्थ पिशवी घेऊन आले आणि गोठा कुठे आहे म्हणून विचारू लागले. मी त्यांना ट्रंकेसमोर नेऊन उभं केलं. त्यांनी वाकून काचेला नाक लावलं. मग त्यांनी विचारलं, इनमें दूध कौन सी देती है? तो माणूस थट्टा करत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांच्या येण्याला आठवडा राहिला होता आणि टाकीत तीन गोगलगायी. ह्यांचं जेवण तुटलं. रात्रंदिवस तीच वही. उजेड बदलला, टाकीवर जाळी घातली, शेवाळ धुऊन पाहिलं, काकूंच्या मांजरीवर संशय घेतला. मीही माझ्या परीने झटत होते, म्हणजे न चुकता दोन पैसे टाकत होते. एकाच टाकीभोवती आम्ही दोघं, दोघांनाही इथेच राहायचं होतं, आणि दोघंही एकमेकांना न सांगता काम करत होतो.

एका गुरुवारी मी काकूंबरोबर बाड्यावरच्या बाजारात गेले होते. परत आले तर टाकीतलं पाणी गढूळ, ह्यांच्या बाह्या ओल्या, आणि हे खिडकीपाशी पाठमोरे उभे. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, वाळू चाळून पाहिली. मी विचारलं, काही सापडलं? ते ओल्या बाह्या पिळत म्हणाले, वाळूच होती. मला हायसं वाटलं. मला वाटलं, वरुणदेवाने पैसे घेऊन टाकले, नवस पोचला, म्हणून त्या दिवसापासून मी टाकणं थांबवलं.

पुढचे दोन दिवस खिडकीत दोन पेले झाकून ठेवलेले होते आणि त्यांना हात लावायची मनाई होती. हे जरा जास्तच गोड बोलत होते. टाकीजवळ तांब्यासुद्धा नेऊ नकोस, पेल्याने पाणी घाल, असं एकदा सांगितलं, का ते सांगितलं नाही. कारण न सांगता ह्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

साहेब सोमवारी यायचे होते. रविवारी सकाळी मी धुणं काढलं. ह्यांच्या गुरुवारच्या सदऱ्याचा खिसा जड लागला. हात घातला तर पैसे. माझेच, पण आता हिरवे पडलेले, आणि खिशाच्या कापडाला मोरचुदासारखा डाग. मी विहिरीच्या काठावर तशीच बसले. मग ओले हात पुसून आत गेले आणि वही उघडली. शेवटच्या पानावर ह्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रत्येक पेल्यात गोगलगाय एक. पेला पहिला, नुसते पाणी: ठणठणीत. पेला दुसरा, त्यात तांब्याचा पैसा एक: दुसऱ्या सकाळी मृत.’ आणि आधीच्या सगळ्या पानांवर, दहाच्या दहा मृत्यूंपुढे, कारणाच्या रकान्यात एकच शब्द भरला होता. अज्ञात.

मी तो शब्द दहा वेळा वाचला. मला आधी लाज वाटली, मग संताप आला. मीठ घातलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं, आणि आता खरोखर मी घरातला समुद्र विषारी करून ठेवला तर हा माणूस गप्प. एवढा कारणाचा भोक्ता, आणि माझ्यासाठी खोटं लिहून बसला. रागाच्या भरात मी धुणं इतकं आपटलं की सदऱ्याची दोन बटणं गेली. आणि त्याच रागात मला तो माणूस इतका आवडला, जितका आठ वर्षांत आवडला नव्हता. ह्यांना मी काही बोलले नाही. पैसे पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

सोमवारी साहेब आले. उंच, कडक इस्त्रीचे, चेहऱ्यावर सकाळपासून तक्ते बघितल्याचा शीण. टाकी बघून मात्र ते खुर्चीवरून पुढे वाकले. दोन गोगलगायी काचेवर अगदी शहाण्यासारख्या फिरत होत्या. साहेब म्हणाले, आपणही समुद्र पाहिलेला नाही. ह्यांचा चेहरा उजळला. मी दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी होते आणि मला वाटलं, झालं, राहिलो आपण.

मग साहेबांनी विचारलं, एकूण किती आणल्या होत्या. हे म्हणाले, बारा. बाकीच्या? मेल्या. कशाने?

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाले, पता नहीं चला, साहब.

साहेबांनी वही चाळली. अज्ञात, अज्ञात, अज्ञात. शेवटचं पान ह्यांनी टाचणीने मागच्या पुठ्ठ्याला लावून टाकलं होतं, ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी वही मिटली आणि सभ्यपणे म्हणाले, की मेहनत दिसते, पण दहा जीव गेले आणि मास्तरांना कारण सापडलं नाही, तर मुलांना काय शिकवणार. मोरवाले मास्तर निदान मोर कशाने मेला ते सांगू शकले. आणि त्यांनी टोपी उचलली.

मी ताट खाली ठेवलं. माझं हिंदी तेव्हा भाजीवाल्यापुरतं होतं, आणि घाबरले की तेही पळायचं.

“साहब, कारण मालूम है,” मी म्हटलं. “गोगलगाय हमने मारी.”

साहेब टोपी हातात घेऊन जागच्या जागी थिजले. मग हळूच विचारलं, “गाय?”

“दस मारी,” मी म्हटलं. “पैसा डाल-डाल के मारी.”

साहेबांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू दार कुठल्या बाजूला आहे ते विचारताहेत. हे घाईघाईने म्हणाले, घोंघे, साहब, घोंघे, मराठीत घोंघ्याला गोगलगाय म्हणतात. साहेब मटकन खाली बसले आणि रुमालाने कपाळ पुसलं. मी पदराची गाठ सोडून हिरवे पैसे पोह्यांच्या ताटाशेजारी ठेवले, वहीची टाचणी काढली आणि शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. बदली होऊ नये म्हणून टाकत होते, हेही सांगितलं. ते कोणत्या भाषेत सांगितलं ते मला आठवत नाही, पण साहेबांना कळलं.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. खिडकीतले दोन पेले बघितले. मग ह्यांना विचारलं, की एवढा स्वच्छ प्रयोग केलात, कारण हातात होतं, तर रकान्यात ताँबा लिहिलं का नाही?

ह्यांनी पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

“ताँबा लिखता,” ते म्हणाले, “तो आप पूछते, किसने डाला.”

एक गोगलगाय काचेच्या वरच्या कडेपर्यंत पोचली आणि परत फिरली. साहेबांनी खिशातून पेन काढलं, ह्यांच्या वहीत पहिल्या मृत्यूपुढचा ‘अज्ञात’ खोडून ‘ताँबा’ लिहिलं, मग दुसऱ्यापुढे, मग तिसऱ्यापुढे, असं दहाही ठिकाणी स्वतःच्या हाताने लिहिलं. कोणी टाकला ते मात्र कुठेच लिहिलं नाही. मग पोहे खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले.

हुकूम महिन्याभराने आला. मास्तर ग्वाल्हेरलाच. मोरवाले कुठे गेले ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. काकू पेढे घेऊन आल्या आणि टाकीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, बघितलं ना, पैसा वाया नाही गेला, समंदराने दहा जीव घेतले आणि तुझी बदली रोकून दिली. मी घाईने त्यांची कनवट धरली, नाहीतर त्या उपकाराचा आणखी एक टाकणार होत्या.

संध्याकाळी मी ह्यांना काकू काय म्हणाल्या ते सांगितलं. मला वाटलं, आता तासभर बसावं लागणार. तांबं, खारं पाणी, क्षार, सगळं पेला घेऊन समजावणार. मी आपली भाजी निवडायला घेऊन बसले होते. हे टाकीजवळ उभे राहून दोन्ही गोगलगायी बघत होते.

“असेल,” हे म्हणाले.

कारण नसलेली गोष्ट जगात नाही म्हणणारा माणूस तेवढं एक बोलला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसला. मी भाजी बाजूला ठेवून उठले. दिवसभरात पाणी बोटभर उडालं होतं. मी विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि माझ्या ट्रंकेवरच्या समुद्रात मीठं पाणी घातलं. मीठं म्हणजे आमच्या ग्वाल्हेरचं मीठं.